कार्ड नवं, नंबर तोच, मग रिकाम्या टाकीत वीस टक्के कुठून आले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतला एक कारखाना, सीमेन्सचा एस७-३०० पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा औद्योगिक संगणक. वळवाच्या पावसात वीज पडली आणि अ‍ॅनालॉग इनपुटचं, म्हणजे सेन्सरचा करंट मोजून त्याचा आकडा करणारं, एक कार्ड गेलं. त्याच ऑर्डर नंबरचं नवं कार्ड लावलं, पॉवर दिली, तर सीपीयू, म्हणजे पीएलसीचा मेंदू, सरळ स्टॉपला. कंत्राटदाराने स्वतःच्या लॅपटॉपमधला जुना बॅकअप काढला, हार्डवेअर कॉन्फिगरेशन (कोणत्या जागी कोणतं कार्ड आणि त्याच्या सेटिंग काय, याची यादी) डाउनलोड मारलं आणि सीपीयू रनला आला. पण तेव्हापासून दोन नंबरची टाकी रिकामी असताना लेव्हल २० टक्के दिसते, भरली की बरोबर १००. दोन प्रेशर ट्रान्समीटर (दाब मोजून तो करंटच्या रूपात पाठवणारी उपकरणं) मेलेले, त्यांचा डिस्प्लेही कोरा. कार्डावर बिघाडाचा लाल एसएफ दिवा कायम. आणि दुपारी रिमोट रॅक (लांब बसवलेला, केबलने जोडलेला कार्डांचा रॅक) मधेच सुटतो. टाकीची लेव्हल मोजणारा रडार चार वायरचा, म्हणजे स्वतःची वीज वेगळी घेणारा, प्रेशरचे दोन वायरचे. रविवारी शटडाउन मिळणार आहे, दुसरं कार्ड मागवू का, असं विचारलं आहे.

नका मागवू. एक तर ही मालिका आता नियमित विक्रीतून निघून सुट्या भागांपुरती उरली आहे, त्यामुळे कार्ड स्वस्तात आणि लगेच मिळेल असं नाही. दुसरं म्हणजे तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचून माझं मत असं झालं की कार्ड चांगलं आहे. मूळ बिघाड लहान होता. औषधाने नवा आजार लावला.

तुमचं पॅनेल मी पाहिलेलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं तुम्ही दिलेल्या माहितीवर बेतलेलं आहे. कार्डाचा नंबर ३३१-७केएफ०२, म्हणजे आठ चॅनेलचं, वीस पिनांच्या फ्रंट कनेक्टरचं, असं मी धरून चालतो. चाळीस पिनांचं १केएफ असेल तर ठोकळ्यांबद्दल खाली जे लिहिलं आहे ते तुमच्यासाठी नाही.

हार्डवेअर कॉन्फिगरेशनच्या भानगडीत मी आधी एकच गोष्ट विचारतो: खरं कोण बोलतंय? रॅकवर एक वस्तुस्थिती असते, सीपीयूच्या पोटात दुसरी असते आणि लॅपटॉपमध्ये तिसरी. कारखाना सुरू झाला त्या दिवशी तिन्ही जुळत होत्या. पुढे कोणी रात्रपाळीत ऑनलाइन जाऊन एखादी रेंज बदलली, सेव्ह लॅपटॉपमध्ये केलंच नाही, किंवा केलं ते ज्याच्या लॅपटॉपमध्ये केलं तो माणूस नोकरी सोडून पुण्याला गेला. आपल्याकडे ‘बॅकअप आहे ना साहेब’ हे वाक्य फार ऐकू येतं. बॅकअप कधीचा, हे सांगणारा क्वचित भेटतो.

आता तुमची वीस टक्के. हा आकडा योगायोगाने आलेला नाही, तो पत्ता सांगतो आहे. या कार्डात चार ते वीस मिलिअँपिअरची रेंज लावली असेल तर ४ ला कच्चा (टक्क्यांत न बदललेला) आकडा ० येतो, १२ ला १३८२४ आणि २० ला २७६४८. तीच रेंज शून्य ते वीस लावली तर ४ मिलिअँपिअरला कार्ड ५५३० देतं, १२ ला १६५८९, आणि २० ला पुन्हा तेच २७६४८. म्हणजे वर दोन्ही जुळतात, खाली वीस टक्के फरक, मध्ये दहा टक्के. अर्धी टाकी साठ टक्के दिसते का ते एकदा बघा. दिसत असेल तर शंका नको: तुमचा रडार चार ते वीस पाठवतोय आणि कार्ड शून्य ते वीस समजून वाचतंय. रेंज उणे वीस ते अधिक वीस लावली असली तरी हेच आकडे येतात, त्यामुळे तीही शक्यता मनात असू द्या.

ही रेंज कार्डात साठलेली नसते. पॉवर आली की सीपीयू ती कार्डाला सांगतो. म्हणून नुसतं कार्ड बदलल्याने रेंज बदलत नाही. बदलली ती त्या डाउनलोडमुळे. कंत्राटदाराचा बॅकअप बहुधा कमिशनिंगच्या (कारखाना सुरू करतानाच्या चाचण्यांच्या) आधीचा आहे आणि साइटवर नंतर झालेली दुरुस्ती त्यात नाही.

इथे एक विनंती. कोणीतरी तुम्हाला सांगेल की स्क्रीनवरच्या आकड्यातून वीस वजा करून टाका. अजिबात करू नका. मग रिकामी टाकी शून्य दिसेल आणि काठोकाठ भरलेली ऐंशी. पंप बंद करायची मर्यादा नव्वदला असेल तर तो पंप कधी बंद होणारच नाही. असली ठिगळं मी दोन ठिकाणी पाहिली आहेत आणि दोन्ही ठिकाणी टाकी फरशीवर वाहिल्यावरच ती कळली.

प्रेशर ट्रान्समीटरचं कारण वेगळं आहे आणि ते सॉफ्टवेअरमध्ये शोधून सापडणार नाही. या कार्डाच्या डाव्या कुशीत चार छोटे ठोकळे खोचलेले असतात. प्रत्येक ठोकळा दोन चॅनेलचा. त्यावर ए, बी, सी, डी अशी अक्षरं, आणि जे अक्षर कार्डावरच्या बाणासमोर येईल ती त्या जोडीची रेंज. ए थर्मोकपल, आरटीडी (दोन्ही तापमानाचे सेन्सर) आणि मिलिव्होल्टसाठी, बी दहा व्होल्टसाठी, सी चार वायरच्या करंट ट्रान्समीटरसाठी, डी दोन वायरच्या. कंपनीतून कार्ड येतं तेव्हा सगळे ठोकळे बी वर असतात.

तुमचा रडार वर शंभर बरोबर दाखवतो, म्हणजे त्याचा ठोकळा सी वर आहे. बी वर राहिला असता तर काहीच धड दिसलं नसतं. याचा अर्थ कंत्राटदाराला ठोकळे माहीत होते आणि त्याने ते फिरवले. माझा अंदाज, त्याने चारही सी वर लावले. दोन वायरच्या ट्रान्समीटरला चोवीस व्होल्ट कार्डाकडूनच, त्याच दोन तारांवरून मिळतात, आणि ते फक्त डी वर. सी वर कार्ड नुसतं मोजत बसतं, देत काही नाही. म्हणून डिस्प्ले कोरा. ट्रान्समीटरच्या टर्मिनलवर मल्टीमीटर लावा. व्होल्टेज शून्याजवळ असेल तर ट्रान्समीटर मेलेला नाही, उपाशी आहे. (त्याआधी कार्डाच्या टर्मिनल १ आणि २० मध्ये चोवीस व्होल्ट आहेत ना, एवढं बघा. वीज पडली त्या दिवशी त्या पुरवठ्याची फ्यूजही उडालेली असू शकते.)

आणि बहुधा इथेच पहिल्या दिवशीचा स्टॉपही आहे. ट्रान्समीटर उपाशी, म्हणून करंट नाही. करंट नाही म्हणून कार्डाला वाटलं तार तुटली. त्याने सीपीयूला डायग्नोस्टिक इंटरप्ट, म्हणजे बिघाडाची तातडीची खबर देणारा सिग्नल, पाठवला. सीपीयूने ओबी ८२ (अशी खबर आली की चालणारा प्रोग्रामचा भाग) शोधला, तो प्रोग्राममध्ये नव्हता, आणि एस७-३०० अशा वेळी स्टॉपला जातो. जुन्या बॅकअपमध्ये तो इंटरप्ट चालूच केलेला नसावा. म्हणून डाउनलोडनंतर सीपीयू मुकाट रनला आला आणि सगळ्यांना वाटलं कॉन्फिगरेशनच करप्ट झालं होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. हे खरं की खोटं ते डायग्नोस्टिक बफर, म्हणजे सीपीयूमधली घटनांची नोंदवही, सांगेल. त्यात शेवटच्या नोंदी वेळेसकट असतात, आणि स्टॉप कोणत्या ओबीवाचून झाला हेही लिहिलेलं असतं. त्यावर नव्या नोंदींचा थर चढायच्या आत तो फाइलमध्ये उतरवून घ्या. आज शक्य असेल तर आजच, कारण वाचायला शटडाउन लागत नाही.

ओबी ८२ रिकामा टाकून दिला की सीपीयू पडत नाही, हा सर्रास सांगितला जाणारा इलाज आहे. मीही टाकतो, पण रिकामा नाही. आत निदान एक बिट सेट करून स्क्रीनवर अलार्म आणतो. नाहीतर तार तुटली तरी कारखाना चालू आणि कोणाला पत्ताच नाही, अशी अवस्था होते.

ठोकळे नीट लावल्यावरही एसएफ दिवा विझला नाही तर लगेच घाबरू नका. हे मी अनुभवाने सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी बुटीबोरीतल्या एका कारखान्यात रात्री तीन वाजेपर्यंत याच दिव्यापुढे बसलो होतो. कार्ड बदलून झालं, फ्रंट कनेक्टर बदलून झाला, सातही ट्रान्समीटर ठणठणीत, आणि एसएफ काही जाईना. शेवटी तिथल्या इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकने चहाचा कप खाली ठेवत विचारलं, ‘सर, आठव्यावर तर काहीच नाही लावलं ना?’ तिथेच होतं सगळं. रेंज आणि डायग्नोस्टिक जोडीने लागतात. शेवटच्या जोडीतल्या एका चॅनेलवर ट्रान्समीटर होता, दुसरं रिकामं. तार तुटल्याची तपासणी दोघांवर चालू, त्यामुळे रिकामं चॅनेल रात्रभर ‘तार तुटली’ म्हणून ओरडत होतं. ते बरोबरच होतं म्हणा, तिथे तार नव्हतीच.

यावर उपाय दोन आहेत. त्या जोडीचं डायग्नोस्टिक बंद करायचं, म्हणजे जो खरा ट्रान्समीटर आहे त्याचंही संरक्षण जातं. किंवा, जोडी दोन वायरची असेल तर, रिकाम्या चॅनेलला दीड ते ३.३ किलोओहमच्या मधला रेझिस्टर लावायचा. मी २.२ चा लावतो. चोवीस व्होल्टला साधारण अकरा मिलिअँपिअर वाहतात आणि कार्ड समाधानी राहतं. आठव्या, म्हणजे कार्डाच्या शून्यापासूनच्या मोजणीत सातव्या, चॅनेलसाठी टर्मिनल १८ आणि १९. रेझिस्टर अर्ध्या वॅटचा घ्या, पाव वॅटचा कमी पडतो आणि पॅनेलमध्ये आधीच भट्टी असते. नागपुरात बर्डीवर किरकोळ पैशांत मिळतो. पायांना फेरूल (तारेच्या टोकाची धातूची टोपी) दाबा, नाहीतर महिन्याभरात ढिला होऊन पुन्हा तोच दिवा. चार वायरच्या जोडीत मात्र हा रेझिस्टर चालत नाही, कारण तिथे कार्ड व्होल्टेज देतच नाही. तिथे रिकामं चॅनेल त्याच जोडीतल्या चालू चॅनेलच्या सिरीजमध्ये घ्यायचं.

मला खरी धास्ती वेगळीच आहे. कंत्राटदाराने एक रेंज जुनी केली नाही, सगळं हार्डवेअर कॉन्फिगरेशन जुनं केलं. त्यात आणखी काय काय असतं? क्लॉक मेमरीचा, म्हणजे ठरावीक पल्स देणारा, बाइट: तो हलला की लुकलुकणारे दिवे थांबतात, आणि त्याच पल्सवर कोणी टोटलायझर (एकूण बेरीज ठेवणारा मोजक) चालवला असेल तर तोही थांबतो. रिटेंटिव्ह मेमरीची हद्द: वीज गेल्यावर बॅच काउंटर शून्य होत असेल तर इथे बघा. सायकल मॉनिटरिंगची, म्हणजे प्रोग्रामच्या एका फेरीला दिलेली कमाल, वेळ, जी न बदलल्यास १५० मिलिसेकंद असते. अ‍ॅनालॉग कार्डाची ५० की ६० हर्ट्झची निवड, कारण परदेशातून आलेल्या मशीनच्या पहिल्या बॅकअपमध्ये ती कधीकधी ६० असते आणि मग आपल्या ५० हर्ट्झवर आकडे थरथरतात. डीपीचे, म्हणजे रिमोट रॅकला जोडणाऱ्या प्रोफिबस केबलवरच्या संवादाचे, पत्ते आणि स्पीड. यातलं काही बिघडलं असेल आणि अजून कोणाच्या लक्षात आलं नसेल, हे अगदी शक्य आहे. ऑपरेटरांना विचारा. ‘त्या दिवसापासून आणखी काही वेगळं वाटतं का?’ एवढंच विचारा आणि मग गप्प बसून ऐका.

म्हणून रविवारी मी कामाला असं लागलो असतो. पॅनेलला हात लावण्याआधी, सीपीयूमध्ये आत्ता जे आहे ते कोऱ्या प्रोजेक्टमध्ये अपलोड करून घ्यायचं. चुकीचं आहे हे माहीत असूनही. त्यात कॉमेंट आणि सिम्बॉल येत नाहीत, हरकत नाही. परतीची वाट हवी. मग मशीन बनवणाऱ्याकडून किंवा जुन्या फायलींतून कमिशनिंगनंतरचा प्रोजेक्ट मिळवायचा आणि दोन्ही कॉन्फिगरेशन शेजारी-शेजारी उघडून प्रत्येक कार्डावर डबल क्लिक करत तुलना करायची. कंटाळवाणं आहे, तासभर जातो, पण याला आडवाट नाही. तसा प्रोजेक्ट मिळालाच नाही तर लूप ड्रॉइंगवरून (ट्रान्समीटरच्या जोडणीच्या नकाशावरून) प्रत्येक चॅनेलची रेंज कागदावर लिहायची आणि कागदाप्रमाणे कॉन्फिगरेशन दुरुस्त करायचं. कोणाच्याही आठवणीवर विसंबायचं नाही, माझ्यासुद्धा.

मग पॉवर बंद करून कार्ड रेलवरून काढायचं. मुख्य रॅकवरचं कार्ड चालू पॉवरमध्ये ओढायचं नसतं. चपट्या स्क्रूड्रायव्हरने ठोकळा हळूच उचकटायचा, फिरवायचा, अक्षर बाणासमोर आणून पुन्हा दाबायचा. जुनं जळकं कार्ड फेकलं नसेल तर ते शेजारी ठेवा. त्यावरचे ठोकळे जसे आहेत तसे नव्यावर लावले की अर्धं काम झालं. ते जळकं कार्ड हाच तुमच्याकडचा सगळ्यात खरा बॅकअप आहे. भंगारात गेलं असेल तर स्टोअरवाल्याला आजच फोन करा.

दुरुस्त कॉन्फिगरेशन डाउनलोड करताना सीपीयू स्टॉप करावा लागतो, तेव्हा प्रोसेस खरोखर थांबली आहे, व्हॉल्व्ह सुरक्षित जागी आहेत, याची खात्री करूनच. नंतर लूप कॅलिब्रेटरने (ठरवलेला करंट सोडणाऱ्या उपकरणाने) ४, १२, २० सोडा आणि स्केल केलेला आकडा न बघता कच्चा आकडा बघा. कार्ड चौथ्या स्लॉटमध्ये असेल आणि पत्ते कोणी बदललेले नसतील तर तो पीआयडब्ल्यू २५६ या पत्त्यापासून सुरू होतो. ०, १३८२४, २७६४८ च्या आसपास आले की चॅनेल पास. आठही चॅनेल करा, फक्त बिघडलेली तीन नाही. आणि ती मेमरी कार्डाची चिप कोणी ‘स्वच्छ करून देतो’ म्हणत लॅपटॉपच्या कार्ड रीडरमध्ये फॉरमॅट करायला निघाला तर हात धरा. ती साधी कॅमेऱ्याची चिप नव्हे. विंडोजने फॉरमॅट केली की पीएलसीच्या कामाची राहत नाही.

राहिला दुपारचा रिमोट रॅक. हा मी मुद्दाम वेगळा ठेवला, कारण त्याचा कार्डाशी संबंध असेलच असं नाही. जुन्या बॅकअपमुळे डीपीचा स्पीड वाढला असेल तर संबंध आहे: १८७.५ किलोबिटला केबलचा एक सेगमेंट (सलग तुकडा) हजार मीटर चालतो, दीड मेगाबिटला फक्त दोनशे. तुमची केबल तीनशे मीटर असेल आणि स्पीड दीड मेगाबिट झाला असेल तर कारण सापडलं. पण तसं असतं तर तो सकाळीही सुटला असता. फक्त दुपारी सुटतो म्हटल्यावर मी आधी पॅनेलचं दार उघडून तिथे थर्मामीटर ठेवीन. एस७-३०० आणि त्याच्या जातीचे रिमोट रॅक आडवे बसवले तर साठ अंशांपर्यंत चालतात, उभे बसवले तर फक्त चाळीस. नागपुरात मे महिन्यात सावलीतच पंचेचाळीस होतं. पत्र्याच्या शेडमधल्या, पंखा बंद पडलेल्या पॅनेलचं काय सांगावं. जागा नाही म्हणून रॅक उभा ठोकलेला मी हिंगण्यातच पाहिला आहे.

तापमान ठीक निघालं तर टर्मिनेशन, म्हणजे केबलच्या दोन टोकांना लागणारे रेझिस्टर. दोन टोकांच्या कनेक्टरवरचे स्विच ऑन, मधले सगळे ऑफ. पॉवर बंद करून, कनेक्टर उपकरणांवरून काढून, एका कनेक्टरच्या पिन ३ आणि ८ मध्ये ओहम मोजा. ११० च्या जवळ आले तर दोन टोकं बरोबर. २२० आले तर एकच टोक लागलं आहे, ७० च्या घरात आले तर मध्ये कुठेतरी तिसरा स्विच ऑन राहिला आहे. शेवटच्या स्टेशनची पॉवर दुपारी कोणी बंद करतं का तेही बघा, कारण त्या टोकाच्या टर्मिनेशनला वीज त्याच स्टेशनकडून मिळते. ते बंद झालं की शिक्षा शेजाऱ्याला होते.

रविवारच्या आधी तीन गोष्टी पाठवू शकलात तर मी नेमकं सांगू शकेन: बफरच्या पहिल्या दहा नोंदी, नव्या कार्डाच्या ऑर्डर नंबरचा फोटो, आणि जुनं कार्ड सापडलं तर त्याच्या डाव्या बाजूचा फोटो. मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवून काढा, काळ्या ठोकळ्यावरची अक्षरं उजेडात चमकून पुसट होतात.